शेळ्यांच्या कळपातली उतरंड : टकरा का होतात आणि त्या कशा आवराव्यात



उसाचे बिल हप्त्याहप्त्याने हाती येते. मधल्या महिन्यांत मुलांची फी, दवाखाना, पाहुणारावळा हे सारे निघते ते घरच्या दुधावर आणि दावणीच्या चार शेळ्यांवर. शेळीला गरिबाची गाय म्हणतात. पण अडीनडीला ती बागायतदाराच्याही कामी येते, हे आपल्यापैकी बहुतेकांना अनुभवाने ठाऊक आहे. शेळ्यांचा सांभाळ बहुतेक घरांत मायमाउल्यांच्या हाती असतो. तेव्हा हा धडा घरात मोठ्याने वाचून दाखवावा, ही पहिली विनंती.

पूर्वी शेळ्या दिवसभर रानात असायच्या. एकीने ढुशी दिली तर दुसरी चार उड्या मारून लांब जायची, प्रकरण तिथेच मिटायचे. आता ऊसपट्ट्यात चराऊ रान राहिलेले नाही. बांधापर्यंत ऊस आला आणि शेळ्या गोठ्यात बंदिस्त झाल्या. जागा थोडी, गव्हाण एक आणि तोंडे आठ-दहा. त्यातून टकरा वाढतात, शिंगे मोडतात, गाभण शेळ्या गाभडतात आणि एखादी शेळी खाऊन-पिऊनही वाळत जाते. मग आपण म्हणतो, “ही जातच भांडखोर” किंवा “हिला कुणाची दृष्ट लागली.” दोन्ही खरे नव्हे. कळपाचा एक कायदा असतो. तो समजून घेतला तर निम्मे नुकसान टळते. उंटावरून शेळ्या हाकण्यात अर्थ नाही. गव्हाणीपाशी उभे राहून पाहिले पाहिजे.

१. उतरंड म्हणजे काय?

नॉर्वे देशातील थोरलेफ श्येल्डेरुप-एब्बे नावाच्या अभ्यासकाने १९२१-२२ च्या सुमारास कोंबड्यांवरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले की, खुराड्यातली एक कोंबडी सगळ्यांना चोच मारते, दुसरी ती एक सोडून बाकीच्यांना मारते, आणि अगदी शेवटची सगळ्यांची चोच खाते पण कोणालाच मारीत नाही. पुढे गाई, शेळ्या, मेंढ्या अशा कळपाने राहणाऱ्या जनावरांतही हाच प्रकार आढळला. मडक्यांच्या उतरंडीसारखे हे आहे. प्रत्येकाची जागा ठरलेली असते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उतरंड ही भांडण लावण्यासाठी नसते, ती रोजचे भांडण टाळण्यासाठी असते. एकदा जागा ठरली की वरच्या शेळीने नुसते रोखून पाहिले तरी खालची बाजूला होते. शिंगाला शिंग लावावे लागत नाही. ज्या कळपात रोज टकरा होतात, तिथे उतरंड ठरलेली नाही किंवा ठरलेली असूनही खालच्या शेळीला बाजूला व्हायला जागा नाही, असे समजावे. पहिले कारण नव्या शेळीमुळे येते, दुसरे आपल्या गोठ्यामुळे.

२. वरचा मान कोणाला मिळतो?

साधारणपणे वय, शिंगे, अंगलोट, कळपातला मुक्काम आणि स्वभाव या पाच गोष्टींवर तो ठरतो. जुनी, थोराड, शिंगाची शेळी बहुधा वर असते. पहिलटकरीण, आजारातून उठलेली, भुंडी म्हणजे बिनशिंगी आणि नवी विकत आणलेली शेळी खाली जाते. आपल्याकडची उस्मानाबादी (उस्मानाबादचे नाव २०२३ साली धाराशिव झाले, जातीचे नाव मात्र तेच चालू आहे) घेतली तर तिच्यात शिंगाच्या शेळ्या असतात, तशा भुंड्याही असतात. एकाच गोठ्यात दोन्ही असतील तर भुंडीवर अन्याय होण्याची शक्यता जास्त, हे धरून चालावे.

आणखी एक गैरसमज. रानात जाताना जी पुढे चालते तीच सगळ्यांत वरची, असे नाही. वाट माहीत असलेली, धीट शेळी पुढे चालते. गव्हाणीवर सगळ्यांना हटवणारी वेगळी असू शकते. तेव्हा मान ओळखायचा तो वाटेवर नव्हे, गव्हाणीवर.

३. शेळीची भांडणाची भाषा

शेळी एकदम मारीत नाही. आधी सांगते. आपण ते वाचायला शिकले पाहिजे. पायऱ्या अशा:

(अ) मान ताठ करून रोखून पाहणे. पाठीवरचे केस उभे राहणे.
(आ) हनुवटी आत घेऊन शिंगे पुढे करणे, पण न मारणे.
(इ) डोक्याने किंवा शिंगाने बाजूला ढकलणे, कान किंवा शेपटी चावणे.
(ई) मागच्या दोन पायांवर उभे राहून वरून खाली टक्कर देणे. मेंढा मागे सरकून धावत येऊन मारतो, शेळी उभी राहून मारते. म्हणून मेंढ्या आणि शिंगाच्या शेळ्या एका कोंडीत ठेवू नयेत. दोघांची रीत वेगळी असल्याने एकाला दुसऱ्याचा वार चुकवता येत नाही.
(उ) कुशीत, पोटावर किंवा कासेवर ढुशी देणे.

पहिल्या दोन पायऱ्या रोज दिसल्या तर चिंता नको. तो कळपाचा व्यवहार आहे. समोरासमोर डोक्याला डोके लागून टक्कर झाली तरी ती बहुधा मानाची असते, एकजण मागे सरते आणि संपते. पाचवी पायरी मात्र घातक. कुशीत ढुशी बसते ती बाजूला होऊ न शकलेल्या शेळीला. अशी ढुशी वरचेवर दिसू लागली की दोष शेळीचा कमी आणि जागेचा जास्त.

माजाचे चाळे व भांडण यांत फरक करावा. शेळी दर १९ ते २१ दिवसांनी माजावर येते. तेव्हा ती दुसरीवर उडी घेते, शेपटी सारखी हलवते, ओरडते, ढुशाही देते. एक-दोन दिवसांत हे थांबते. त्यावर उपाय गोठ्यात नाही, बोकडाकडे आहे.

४. नुकसान नेमके कोठे होते?

रक्त दिसते म्हणून आपण जखमेकडे पाहतो. मोठे नुकसान रक्ताविना होते. एक साधा हिशेब करू.

समजा, आपल्याकडे ८ शेळ्या आहेत आणि प्रत्येकीला २५० ग्रॅम खुराक द्यायचा, म्हणून आपण २ किलो भरडा व पेंड एकाच लांब घमेल्यात ओतली. वरच्या तीन शेळ्यांनी प्रत्येकी ५०० ग्रॅम खाल्ले तर दीड किलो संपला. उरलेल्या अर्ध्या किलोत पाच तोंडे. म्हणजे प्रत्येकीला १०० ग्रॅम, आणि तेही सारखे वाटले गेले तर. शेवटच्या दोघींना बहुधा घमेले चाटायला मिळते. वहीत मात्र आपण “प्रत्येकी २५० ग्रॅम” असेच लिहितो.

बळी तो कान पिळी, हा कळपाचा न्याय. पण यात बळीचेही भले होत नाही. धान्याचा भरडा एकदम जास्त पोटात गेला की शेळीच्या पहिल्या पोटात आम्ल वाढते. ती सुस्त होते, रवंथ थांबतो, पोट गच्च होते, पातळ हगवण लागते आणि वेळेवर इलाज न झाल्यास ती मरते. म्हणजे एकाच घमेल्यामुळे खालची शेळी उपाशी वाळते आणि वरची खाऊन दगावते. कळपातली सगळ्यांत धट्टीकट्टी शेळी सकाळी आडवी दिसली की आपण सापाचा संशय घेतो. आदल्या संध्याकाळी खुराक कसा घातला होता, ते आधी आठवावे.

वैरणीचेही तेच. नॉर्वेतील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका खाण्याच्या जागेमागे एक, दोन आणि तीन शेळ्या ठेवून पाहिल्या. जागा अपुरी पडताच हटवाहटवी वाढली आणि खालच्या शेळ्यांचा खाण्याचा वेळ घटला.

दुसरे नुकसान गाभण शेळीचे. शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा. शेवटच्या दीड महिन्यात पोट मोठे, चाल जड, वळायला वेळ लागतो. त्या दिवसांत कुशीत बसलेली ढुशी दोन करडांचे नुकसान करून जाते. तथापि प्रत्येक गाभडणे टकरीचेच असते असे समजू नये. संसर्गजन्य गर्भपातासारखे रोगही असतात आणि त्यातले काही माणसाला होतात. पडलेला गर्भ व वार उघड्या हाताने धरू नये. पशुवैद्यकांना दाखवून मग खोल पुरावे.

तिसरे कासेचे. कासेला मुका मार लागला की दुधात रक्त येते, कास सुजते आणि दगडी होण्याचा धोका राहतो. दगडी झालेल्या सडाखाली पुढच्या वेताची करडे उपाशी राहतात.

५. उतरंड वहीत मांडण्याची रीत

हा या धड्याचा मुख्य भाग. खर्च काही नाही. एक वही, पेन्सिल आणि तीन दिवस रोज अर्धा तास.

पहिले म्हणजे प्रत्येक शेळीला नाव असावे. घरात नावे असतातच. समजा पाच शेळ्या आहेत: चंद्री, बांडी, काळी, मोरी आणि ठिपकी. वहीच्या पानावर ही नावे डावीकडे खाली खाली लिहावीत आणि तीच नावे वर आडवी लिहावीत. चौकटी आखाव्यात. वैरण टाकल्यावर बाजूला शांत उभे राहावे. बांडी आल्यावर काळी बाजूला झाली तर बांडीच्या ओळीत, काळीच्या रकान्यात एक रेघ मारावी. मारले की नाही, याला महत्त्व नाही. कोण कोणासाठी हटली, एवढेच पाहावे.

पाच शेळ्यांच्या जोड्या दहा होतात. आठ असतील तर अठ्ठावीस. प्रत्येक जोडीत ज्या बाजूला रेघा जास्त, ती शेळी त्या जोडीत वरची. आता प्रत्येकीने किती जणींना हटवले ते मोजावे. चंद्री ४, बांडी ३, काळी २, मोरी १, ठिपकी ० असे आले तर उतरंड सरळ आहे. कधीकधी त्रिकोण निघतो. बांडी काळीला हटवते, काळी मोरीला, आणि मोरी उलट बांडीला. मग तिघींच्या वाट्याला दोन-दोन येतात. अशा वेळी गोंधळून जाऊ नये. तिघी मधल्या थरातल्या, एवढे समजले तरी पुरे.

याच वहीत आणखी दोन नोंदी कराव्यात. एक, कोण कोणाच्या अंगाला अंग लावून बसते. आई-लेकी, जुळ्या बहिणी, एकत्र वाढलेल्या पाठी यांचे सख्य असते. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनाही असे आढळले की, करडेपणापासून एकत्र वाढलेल्या शेळ्या गव्हाणीवर एकमेकींना जास्त जवळ येऊ देतात. मोठेपणी एकत्र आणलेल्या तेवढे येऊ देत नाहीत. दुसरी नोंद, पंधरा दिवसांनी प्रत्येकीच्या कमरेवर, शेवटच्या बरगडीमागे मणक्यावर हात फिरवून पाहावा. मणक्याची टोके बोटांना टोचली तर शेळी खंगली आहे. ठिपकीची टोके टोचतात आणि चंद्रीची सापडतच नाहीत, असे असेल तर जंताचे औषध देण्याबरोबर गव्हाणही तपासावी.

ही वही आजारही सांगते. नेहमी वरची असणारी शेळी अचानक कोणासाठीही हटू लागली, तर ती बहुधा आजारी किंवा लंगडी असते. ताप दिसण्याच्या आधी कळपाला ते कळलेले असते.

६. गव्हाण आणि जागा

आता उपाय. यातले बरेचसे घरच्या फळकुटांतून होण्यासारखे आहेत.

गव्हाण. मोठ्या शेळीमागे किमान दीड फूट गव्हाण धरावी. शिंगाच्या शेळ्या असतील तर दोन फूट. आठ शिंगाच्या शेळ्यांना १६ फूट. भिंतीला एवढी लांबी मिळत नसेल तर ८-८ फुटांच्या दोन गव्हाणी समोरासमोरच्या भिंतींना कराव्यात. एका गव्हाणीवरून हटवलेली शेळी दुसरीकडे जाते आणि वरचीला दोन्हीकडे एकदम राखण करता येत नाही.

आडोसे. गव्हाणीवर दर दोन शेळ्यांमध्ये एक फळी उभी ठोकावी. ती खाणाऱ्या शेळीचे डोके आणि खांदा झाकेल एवढी असावी. शेजारणीची नजर दिसली नाही की खालची शेळी निवांत खाते.

खुराक. तो एकत्र कधीही ओतू नये. प्रत्येकीला वेगळे घमेले द्यावे आणि तेवढा वेळ, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटे, शेळ्या आखूड दोराने बांधाव्यात. बांधताना वहीतली उतरंड कामी येते. वरची एका टोकाला, तळाची दुसऱ्या टोकाला, आणि मैत्रिणी शेजारी. सर्व शेळ्या एकदम बांधाव्यात आणि एकदम सोडाव्यात. एक मोकळी आणि बाकीच्या बांधलेल्या, हे सर्वांत वाईट. बांधलेल्या शेळीला पळता येत नाही, आणि मोकळी तिला कुशीत मारते.

वैरण. एकाच वेळी भरपूर टाकावी आणि दोन ठिकाणी टाकावी. शेवरी, सुबाभूळ, हादगा यांचे डहाळे उंचावर, निरनिराळ्या जागी टांगावेत. डहाळ्याला शेळी जास्त वेळ घालवते आणि तेवढा वेळ भांडण विसरते. गळीत हंगामात आपल्याकडे वाढे मुबलक असते, पण फक्त वाढ्यावर शेळी ठेवू नये. त्यात ऑक्झॅलेट असते, ते शरीरातला कॅल्शियम बांधून ठेवते. वाढ्याची कुट्टी करावी, त्यावर चुन्याची निवळी शिंपडावी, जोडीला द्विदल चारा आणि खनिज मिश्रण द्यावे. चाटण-विटाही दोन ठिकाणी टांगाव्यात. तीच गोष्ट पाण्याची.

बसायची जागा. छपराखाली मोठ्या शेळीमागे १० ते १२ चौरस फूट आणि बाहेर मोकळ्या वाड्यात त्याच्या दुप्पट जागा असावी. कोपरे शक्यतो गोल करावेत किंवा तिथे आडवी फळी मारावी, कारण कोपऱ्यात सापडलेली शेळीच जास्त मार खाते. गोठ्याच्या दाराशी रेटारेटी होते. दार रुंद असावे आणि जमल्यास दुसरी वाट असावी. भिंतीलगत दीड-दोन फूट उंचीचा ओटा किंवा लाकडी बाक करावा. शेळीला उंच बसणे आवडते. बाकावर चढायला दोन बाजू असाव्यात, म्हणजे वरच्या शेळीला वाट अडवता येणार नाही. करडांसाठी एका कोपऱ्यात फक्त करडूच आत जाईल एवढ्या फटीचे कुंपण करावे. मोठ्या शेळ्या दुसरीच्या करडांना ढुशा देतात, तिथे करडांना आसरा मिळतो.

गाभण शेळी. व्यायच्या आधी महिना-दीड महिना ती वेगळ्या कप्प्यात ठेवावी, पण जाळीतून इतर शेळ्या दिसतील अशी. अगदी एकटी, नजरेआड ठेवली तर ती ओरडून हैराण होते, आणि परत कळपात सोडताना तिला नव्याने टकरा घ्याव्या लागतात.

७. नवी शेळी आणताना

बाजारातून शेळी आणली आणि थेट कळपात सोडली, हे आपल्याकडे सर्रास होते. यात दोन धोके आहेत, रोगाचा आणि टकरांचा. क्रम असा ठेवावा:

पहिले तीन-चार आठवडे नवी शेळी वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यांत ठेवावी. या काळात पशुवैद्यकांच्या सल्ल्याने जंतनाशक, तसेच पीपीआर आणि आंत्रविषाराच्या लसी द्याव्यात. नंतरचा आठवडा तिला जाळीपलीकडे, कळपाशेजारी बांधावे. वास ओळखीचा होतो, नजरानजर होते, जाळीवरून शिंगेही लावून होतात. मग सकाळी, सगळ्यांची पोटे भरल्यावर, मोकळ्या वाड्यात सोडावे. गोठ्यात सोडू नये. जवळ दोन-तीन तास लक्ष ठेवणारे माणूस असावे.

शक्यतो दोन शेळ्या एकदम आणाव्यात, त्याही एकमेकींच्या ओळखीच्या. एकटीवर सारा कळप तुटून पडतो, दोघींवर मार वाटला जातो. उशिराच्या गाभण शेळीला कधीही नव्या कळपात सोडू नये.

पहिले एक-दोन दिवस टकरा होणारच, आणि त्या होऊ द्याव्यात. आठवडाभरात जागा ठरते. पुन्हा पुन्हा सोडवून वेगळे केले तर निकाल लागत नाही आणि भांडण लांबते. मध्ये पडायचे ते चारच प्रसंगी: रक्त निघाले, एक खाली पडली तरी दुसरी मारतेच आहे, एखादी कोपऱ्यात अडकली, किंवा मार खाणारी गाभण आहे. मध्ये पडतानाही हात-पाय घालू नयेत. रुंद फळी मध्ये सरकवावी किंवा बादलीभर पाणी मारावे.

८. बोकड

कळपातली मोठी मोडतोड बोकडामुळे होते. २५ शेळ्यांना एक बोकड पुरतो. आठ-दहा शेळ्यांच्या घरी स्वतःचा बोकड बाळगण्याऐवजी शेजारच्या चार घरांनी मिळून एक चांगला बोकड ठेवणे शहाणपणाचे. बोकड शेळ्यांपासून वेगळा, मजबूत कुंपणात ठेवावा. त्याला किमान २० चौरस फूट छप्पर आणि बाहेर फिरायला जागा द्यावी.

नर करडे तीन महिन्यांची झाली की माद्यांपासून वेगळी करावीत. चार महिन्यांचे करडू आपल्या बहिणीला गाभण करू शकते. जे पैदाशीला ठेवायचे नाहीत ते दोन ते तीन महिन्यांच्या वयात पशुवैद्यकांकडून चिमट्याने खच्ची करून घ्यावेत. खच्ची बोकड शांत राहतो, अंगी लागतो आणि मांसाला वास येत नाही.

दोन अनोळखी मोठे बोकड एकत्र सोडू नयेत. एकत्र वाढलेले दोघेसुद्धा, एक शेळ्यांत राहून परतला की पुन्हा झुंजतात, कारण त्याचा वास बदललेला असतो. तेव्हाही जाळीचा आठवडा पाळावा.

आता पोरांबद्दल. लहान नर करडाच्या कपाळावर हात दाबून खेळायची पोरांना हौस असते. करडू ढुशी देते, सारे हसतात. तेच करडू वर्षाने ४०-५० किलोचा बोकड होते आणि आपण शिकवलेला खेळ म्हाताऱ्या माणसावर खेळते. कपाळाला हात लावायचा नाही, हा घरचा नियम करावा. गळ्याखाली किंवा पाठीवर खाजवावे. माजातल्या बोकडाकडे पाठ करून वाकू नये, आणि त्याच्या कप्प्यात एकट्या मुलाला पाठवू नये. चढेल बोकडाला काठीने झोडपल्याने तो निवळत नाही, माणसाला प्रतिस्पर्धी समजू लागतो.

९. शिंगांचे काय करावे?

शिंग काढायचे तर करडू पहिल्या आठवडा-दहा दिवसांचे असतानाच, शिंगाची कळी डागून, आणि तेही पशुवैद्यकांकडून भूल देऊन. करडाच्या कवटीचे हाड पातळ असते. घरी तापल्या सळईने डागण्याचा प्रयोग केल्यास मेंदूला इजा होते. मोठ्या शेळीचे शिंग मुळातून कापू नये. ते आतून पोकळ असते आणि ती पोकळी कवटीत उघडते.

घरगुती उपाय एवढाच की, टोकदार शिंगाचे नुसते टोक कानशीने घासून बोथट करावे, किंवा टोकावर रबरी नळीचा तुकडा चढवून चिकटपट्टी गुंडाळावी. ज्यांना शक्य आहे त्यांनी शिंगाच्या व भुंड्या शेळ्या दोन कप्प्यांत ठेवाव्यात. “मग सगळ्या भुंड्याच करू” असा विचार कोणाच्या मनात आल्यास सावध करतो. युरोपातील सानेनसारख्या जातींत भुंडा नर व भुंडी मादी यांच्या संकरातून धड नर नाही, धड मादी नाही अशी वांझ पिल्ले निपजतात, असे दिसून आले आहे. जोडीतला एक तरी शिंगाचा असावा.

१०. भांडखोर शेळी विकावी का?

घाई करू नये. वरची शेळी विकली म्हणून उतरंड जात नाही. रिकाम्या जागेसाठी दुसरी-तिसरीत नव्याने टकरा सुरू होतात. आधी गव्हाण वाढवावी, आडोसे करावेत, महिनाभर पाहावे. एवढे करूनही एखादी शेळी हटलेल्या शेळीचा पाठलाग करून मारीत असेल, वारंवार जखमा करीत असेल, तर मात्र ती काढावी आणि तिच्या पाठी पैदाशीला ठेवताना विचार करावा.

एक इशारा. शांत शेळी एकाएकी माणसावर किंवा भिंतीवर धावून जाऊ लागली, आवाज बदलला, लाळ गळू लागली, तर हे उतरंडीचे भांडण नव्हे. कुत्रे चावून पिसाळल्याची शक्यता असते. तोंडात हात घालू नये, दूध वापरू नये, तिला वेगळी कोंडून ताबडतोब पशुवैद्यकांना बोलवावे. लाळेशी संबंध आलेल्या माणसांनी साबणाने धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

शिंग मोडून रक्त आल्यास स्वच्छ फडके घट्ट दाबून धरावे. पावसाळ्यात जखमेत किडे होतात, म्हणून रोज पाहावे.

समारोप

आपल्या सहकारी संस्थेत कोणाचे शेअर्स कितीही असोत, मत प्रत्येकाला एकच. शेळ्यांच्या कळपात ही घटना लागू नाही. तिथे शेवटच्या शेळीच्या वतीने बोलणारे कोणी नसते. गव्हाणीची लांबी, घमेल्यांची संख्या आणि दाराची रुंदी ठरवणारा मालकच तिचा वाटा तिला मिळवून देतो. आणि तिच्या पोटातली दोन करडे आपल्याच हिशेबात धरलेली असतात, हे विसरू नये.

स्वाध्याय

१) आपल्या शेळ्यांची नावे लिहून चौकट आखा. तीन दिवस नोंदी करून उतरंड काढा. घरातल्या ज्या बाई रोज वैरण टाकतात, त्यांना आधी अंदाज विचारा आणि नंतर वहीशी ताडून पाहा.
२) आपली गव्हाण फुटांत मोजा. शेळ्यांच्या संख्येने भागा. दीड फुटापेक्षा कमी येते का?
३) सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या शेळीच्या कमरेवर हात फिरवून फरक लिहा. गव्हाण सुधारल्यावर एक महिन्याने पुन्हा पाहा.
४) आपल्या गोठ्यात खालच्या शेळीला पळायला दुसरी वाट कोठून आहे? नसेल तर ती कोठे करता येईल?

वही घेऊन गट कार्यालयात आल्यास शेतकी विभागाचे कर्मचारी नोंदी पाहतील. अडचणीची बाब असेल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी गाठ घालून देतील. ज्यांनी गव्हाणीत सुधारणा केली असेल, त्यांनी मापे व अनुभव आमच्याकडे कळवावेत, म्हणजे इतर सभासदांना ते सांगता येतील.